मेंदू उघडून जे कळलं ते आता डोळ्यातून बघायची धडपड सुरू आहे, गोष्ट डॉ. अल्झायमर यांची

रोज रंकाळ्यावर फिरायला जाणारे आजोबा एक दिवस घरचा रस्ता चुकतात. पेठेतलंच कुणीतरी ओळखतं, गाडीवर बसवून घरी आणून सोडतं. घरचे म्हणतात, वय झालं. शेजारी म्हणतात, साठी बुद्धी नाठी. विषय तिथंच संपतो.

पण दरवेळी दोष वयाचाच असतो असं नाही. हा मेंदूचा आजारही असू शकतो. साधारण १२० वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका डॉक्टरांनी हे मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि आजाराला त्यांचंच नाव पडलं, अल्झायमर.

अलोईस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ चा, बव्हेरियातल्या मार्क्टब्राइट नावाच्या लहानशा गावातला. वडील नोटरी. पोरगं डॉक्टरकी शिकायला बाहेर पडलं. १८८७ ला डॉक्टरेट मिळाली, तीही कशावर, तर कानात मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर. म्हणजे मेंदूशी काही संबंध नाही. पण त्या नादात मायक्रोस्कोप हातात आला तो कायमचा.

१८८८ च्या शेवटी ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात लागले. पुढच्याच वर्षी तिथं फ्रान्झ निस्ल आले. मेंदूच्या पेशी रंगवून मायक्रोस्कोपखाली स्पष्ट दिसतील अशी पद्धत शोधणारे हे गडी. दोघांची जोडी जमली. दिवसा पेशंट, रात्री मेंदूचे काप.

१८९४ ला सेसिलिया नावाच्या श्रीमंत विधवेशी त्यांचं लग्न झालं. तीन मुलं झाली. पण १९०१ च्या सुरुवातीला सेसिलिया गेल्या आणि अल्झायमर यांनी स्वतःला कामात बुडवून घेतलं.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ५१ वर्षांच्या ऑगस्ट डेटर दवाखान्यात आल्या. नवरा रेल्वेत कारकून. या बाई आधी नवऱ्यावर विनाकारण संशय घ्यायला लागल्या होत्या, मग स्वयंपाक चुकायला लागला, वस्तू कुठंही लपवून ठेवायला लागल्या. अल्झायमर यांनी नाव विचारलं, त्यांनी बरोबर सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तर परत स्वतःचंच सांगितलं. पेन, किल्ली, सिगार दाखवली तर ओळखली. थोड्या वेळानं काय दाखवलं होतं विचारलं, तर सगळं पुसलेलं. नाव लिहायला घेतलं की अर्ध्यात विसरायच्या. अल्झायमर यांनी हे सगळं कागदावर नोंदवून ठेवलं.

म्हातारपणी विसरणं डॉक्टरांना नवीन नव्हतं. पण ५१ व्या वर्षी? हे कोडं त्यांना सोडेना.

१९०२ साली इकडं शाहू महाराज करवीर संस्थानात ५० टक्के आरक्षणाचा जाहीरनामा काढत होते, तेव्हा तिकडं अल्झायमर फ्रँकफर्ट सोडत होते. आधी हायडेलबर्ग, मग म्युनिक. म्युनिकमध्ये तर ते बिनपगारी राबले, बायकोच्या इस्टेटीमुळं ते जमलं. विद्यार्थ्यांना मायक्रोस्कोपवर शिकवताना सिगार शेजारी ठेवून पुढच्या टेबलावर जायचे आणि नवी पेटवायचे. संध्याकाळी प्रत्येक मायक्रोस्कोपपाशी एक थोटूक सापडायचं असं सांगतात.

गाव सुटलं तरी ऑगस्टबाईंची खबर ते ठेवून होते. ८ एप्रिल १९०६ ला त्या वारल्या. अल्झायमर यांनी त्यांचा मेंदू आणि केसपेपर म्युनिकला मागवून घेतले. मेंदू आक्रसला होता. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांत दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर साचलेले चिकट ठिपके आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. या दोन खुणा आजही या आजाराची ओळख आहेत.

३ नोव्हेंबर १९०६ ला ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. सभागृहात एकानंही प्रश्न विचारला नाही. १९१० ला त्यांचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. १९१२ ला ते ब्रेस्लाऊला प्राध्यापक म्हणून गेले. हे शहर आता पोलंडमध्ये आहे. (पोलंड कोल्हापूरकरांना वळिवड्यामुळं परका नाही.) जातानाच तब्येत ढासळली आणि १९ डिसेंबर १९१५ ला ते गेले. वय ५१, ऑगस्टबाई दवाखान्यात आल्या तेव्हाचंच.

त्यांच्या शोधात एक अडचण मात्र राहून गेली. ठिपके आणि गुंता बघायचा तर मेंदू उघडावा लागतो, म्हणजे माणूस गेल्यावर. आता पेट स्कॅन आणि मणक्यातलं पाणी तपासून जिवंतपणी अंदाज येतो, पण पेट स्कॅन महाग आणि पाठीत सुई कुणाला नको वाटते. त्यात अमेरिकेत २०२३ पासून मंजूर झालेली नवी औषधं फक्त सुरुवातीच्या टप्प्यात चालतात, तीही आजाराचा वेग कमी करतात, बरा करत नाहीत. म्हणजे उशीर झाला की दार बंद.

इथं डोळा कामाला येतो. पोटातल्या बाळाचा मेंदू घडत असताना त्यातूनच एक फुगवटा बाहेर येतो आणि त्याचा डोळ्याचा पडदा बनतो. म्हणजे पडदा हा मेंदूचाच तुकडा, तोही हाड न फोडता दिसणारा. १९९१ ला ओसीटी हे तंत्र आलं. प्रकाशाच्या किरणांनी पडद्याचे थर काही सेकंदांत मोजता येतात. सुई नाही, दुखणं नाही. शुगरच्या पेशंटना हे मशीन माहीत असतं. अल्झायमरच्या बऱ्याच पेशंटमध्ये पडद्यातला मज्जातंतूंचा थर पातळ झालेला आढळलाय.

लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय हॉस्पिटलमधल्या संशोधकांना तर पडद्यावर ते चिकट ठिपकेच सापडले. ते दिसावेत म्हणून वापरलं काय, तर हळदीतलं कर्क्युमिन. ते ठिपक्यांना चिकटतं आणि विशिष्ट प्रकाशात चमकतं. २०१७ ला त्यांनी मोजक्या माणसांना कर्क्युमिन देऊन डोळ्याचे फोटो काढले, तर पेशंटच्या पडद्यावर ठिपके जास्त दिसले. शेजारी सांगलीत हळदीची एवढी मोठी बाजारपेठ आहे म्हणून लगेच चमचाभर हळद सुरू करू नका. इथं ती औषध म्हणून नाही, रंग म्हणून वापरली होती.

आणि पडदा पातळ झाला म्हणजे अल्झायमरच, असंही नाही. काचबिंदूतही तो पातळ होतो, वयानंही होतो. म्हणून आज तरी नुसत्या ओसीटीच्या रिपोर्टवरून अल्झायमरचं निदान होत नाही. रस्ता चुकणाऱ्या आजोबांना न्यूरोलॉजिस्टकडेच न्यावं लागतं, आणि तिथं पहिली तपासणी बऱ्याचदा तीच असते. चार वस्तूंची नावं सांगायची आणि पाच मिनिटांनी परत विचारायची.