हातांना मान देणाऱ्या अ‍ॅडलेडबाई

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरी पायाने चालवायचे एक जुने शिलाई मशीन आहे. आई गावच्या महिला मंडळाच्या शिवणवर्गात शिवण शिकली आणि त्या मशीनवरच माझ्या कॉलेजच्या फीचे पैसे उभे राहिले. मात्र मी कॉलेजात जाऊ लागल्यापासून ती मला त्या मशीनला हात लावू देत नाही. जिच्या हाती पुस्तक आले तिने सुई कशाला धरावी, असे तिचे म्हणणे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे आईचे म्हणणे मलाही पटले होते. पण गेल्या वर्षी ग्रंथालयात आफ्रिकेवरची पुस्तके चाळताना एका बाईंचे चरित्र वाचनात आले आणि मी विचारात पडले. त्या बाई म्हणजे सिएरा लिओनच्या अ‍ॅडलेड कॅसली-हेफर्ड. त्यांची ओळख माझ्या मित्रमैत्रिणींना करून द्यावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिएरा लिओन हा लहानसा देश आहे. फ्रीटाउन ही त्याची राजधानी. या शहराच्या नावातच त्याचा इतिहास आहे. गुलामगिरीतून सुटलेले लोक १७९२ मध्ये नोव्हा स्कोशियाहून येथे आले. १८०० मध्ये जमैकाहून मरून लोक आले. पुढे १८०७ मध्ये इंग्रजांनी गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि समुद्रात पकडलेल्या गुलाम-जहाजांवरची माणसे येथेच उतरविली जाऊ लागली. या साऱ्यांच्या मिश्रणातून जो समाज तयार झाला त्याला क्रिओ म्हणतात. हा समाज इंग्रजी शिकला, ख्रिस्ती झाला, वकील, डॉक्टर, कारकून झाला. देशाच्या आतल्या भागात मात्र मेंडे, टेम्ने इत्यादी लोक आपापल्या खेड्यांतून शेती करीत होते. शहरातले क्रिओ आणि खेड्यातले हे लोक यांच्यात मोठे अंतर होते. अ‍ॅडलेडबाईंचे कार्य समजण्यासाठी हे अंतर लक्षात ठेवले पाहिजे.

अ‍ॅडलेड स्मिथ यांचा जन्म १८६८ साली फ्रीटाउनमधील एका सधन क्रिओ कुटुंबात झाला. त्या चार वर्षांच्या असताना, १८७२ मध्ये, स्मिथ कुटुंब इंग्लंडला गेले. त्यांचे शालेय शिक्षण जर्सी बेटावर झाले. सतराव्या वर्षी त्या संगीताच्या अभ्यासासाठी जर्मनीत श्टुटगार्टला गेल्या. त्या काळात एका आफ्रिकन मुलीला असे शिक्षण मिळणे ही फार दुर्मिळ गोष्ट होती. पियानो, इंग्रजी साहित्य, उच्चभ्रू समाजात वागण्याच्या रीती, सारे काही त्या शिकल्या. ज्या मातीत आपण जन्मलो तिच्याविषयी मात्र या शिक्षणाने त्यांना काहीच सांगितले नाही.

पंचवीस वर्षांनी, १८९७ मध्ये, त्या बहिणींबरोबर फ्रीटाउनला परतल्या. पुढच्याच वर्षी आतल्या भागात मोठा उठाव झाला. इंग्रज सरकारने खेड्यांतल्या घरांवर कर बसविला होता, त्याविरुद्ध बाय बुरे आणि इतर सरदारांनी शस्त्र उचलले. आपलाच देश, पण शहर एका वाटेने आणि खेडे दुसऱ्या वाटेने चालले आहे, अशी ती परिस्थिती होती. इंग्लंडात त्या आफ्रिकन म्हणून वेगळ्या दिसत होत्या. येथे इंग्रजी वळणामुळे वेगळ्या दिसू लागल्या. बहिणीसह त्यांनी मुलींसाठी एक छोटी शाळा काही काळ चालविली.

१९०३ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी गोल्ड कोस्टचे (म्हणजे आजच्या घानाचे) वकील, लेखक आणि राष्ट्रीय चळवळीचे पुढारी जे. ई. कॅसली-हेफर्ड यांच्याशी विवाह केला. १९०४ मध्ये ग्लॅडिस ही मुलगी झाली. तिच्या पायात जन्मतःच दोष होता. पती-पत्नींचे पुढे जमले नाही. १९१४ मध्ये अ‍ॅडलेडबाई मुलीला घेऊन फ्रीटाउनला कायमच्या परत आल्या. शेहेचाळीस वर्षांचे वय, नवऱ्यापासून वेगळे आयुष्य आणि एका लेकीची जबाबदारी! बाईला स्वतःच्या पायावर उभे राहता आले पाहिजे, हा विचार त्यांनी केवळ पुस्तकात वाचला नव्हता. तो त्यांच्या वाट्याला आला होता.

त्या वेळी फ्रीटाउनमध्ये मुलींना शिक्षण नव्हते असे नाही. अ‍ॅनी वॉल्श मेमोरियल स्कूल ही मुलींची शाळा तर १८४९ पासून चालू होती. पण अशा शिक्षणाचा साचा इंग्लंडचा होता. मुलगी चांगले इंग्रजी बोलेल, पियानो वाजवील, इंग्रजी पद्धतीचा झगा घालील. पण उद्या नवरा वारला किंवा सोडून गेला तर ती काय करील, हा प्रश्न त्या साच्यात बसत नव्हता. दुसरीकडे आतल्या खेड्यांतल्या बाया निरक्षर होत्या, पण त्यांच्या हातात विद्या होती. त्या कापसाचे सूत कातीत आणि पुरुष त्याचे अरुंद पट्टे विणून, जोडून जाडेभरडे देशी कापड तयार करीत. निळीच्या पाल्यापासून निळा आणि कोलाच्या फळापासून तपकिरी रंग काढून बाया कापड रंगवीत. शहरातल्या सुशिक्षितांना मात्र विलायती कापडापुढे हे सारे गावंढळ वाटे. एकीकडे पुस्तक होते, दुसरीकडे कसब होते. अ‍ॅडलेडबाईंना ही दोन्ही एका छपराखाली आणावीत असे वाटू लागले.

त्यांनी मुलींसाठी उद्योगशाळा काढण्याचे ठरविले. पण पैसा कोठून आणायचा? मार्कस गार्वी यांच्या संघटनेच्या फ्रीटाउन शाखेत त्या स्त्री-विभागाच्या अध्यक्ष होत्या. अमेरिकेत जमणारा निधी शाळेला द्यायचा की संघटनेला, यावरून मतभेद झाले तेव्हा त्यांनी १९२० मध्ये पद सोडले, शाळा सोडली नाही. त्याच वर्षी आपली भाची कॅथलीन ईझमन हिला बरोबर घेऊन त्या अमेरिकेला गेल्या. वय बावन्न! कॅथलीन चित्रकार होती. तेथे दोघींनी निग्रो मुलींच्या अनेक शाळा पाहिल्या. अभ्यासाबरोबर हातचे काम शिकविण्याची पद्धत त्यांनी नीट न्याहाळली. व्याख्याने देऊन थोडाफार निधी गोळा केला.

१९२३ च्या ऑक्टोबरात फ्रीटाउनमध्ये स्मिथ कुटुंबाच्या घरातच शाळा सुरू झाली. मुली होत्या अवघ्या चौदा. वाचन-लेखनाबरोबर शिवणकाम, विणकाम, टोपल्या करणे, स्वयंपाक असे विषय ठेवले होते. आपल्या देशातली कला आणि कसब यांची मुलींना लाज वाटू नये, उलट अभिमान वाटावा, हा त्यामागचा हेतू होता. पुढे ग्लॅडिसही तेथे शिकवू लागली. ती कवयित्री झाली आणि क्रिओ लोकांच्या बोलीतही तिने कविता लिहिल्या. कॅथलीन मात्र १९२४ मध्येच मरण पावली. ज्या सोबतिणीच्या जोरावर हा डाव मांडला तीच पहिल्या वर्षात गेली. तरी अ‍ॅडलेडबाईंनी शाळा चालू ठेवली.

१९२५ मध्ये इंग्लंडचे युवराज फ्रीटाउनला आले. त्यांच्या स्वागत समारंभाला अ‍ॅडलेडबाई आफ्रिकन पोशाख घालून गेल्या आणि शहरात खळबळ उडाली. जी गोष्ट शाळेत मुलींना शिकवायची ती स्वतःच्या अंगावर वागविण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. मिस्टा कूरिफर या त्यांच्या कथेतही हाच विषय आहे. त्यात इंग्रजी चालीरीतींचा भक्त असलेला एक शवपेट्या बनविणारा सुतार आणि वेगळ्या विचारांचा त्याचा मुलगा अशी जोडी आहे.

आता या चरित्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग सांगते. ही शाळा अ‍ॅडलेडबाईंच्या मनासारखी चालली नाही. १९२६ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या, पण पैशाची चणचण संपली नाही. शिवाय मुलींच्या आईबापांना पुस्तकी शिक्षण हवे होते. टोपल्या विणायला पोरीला शाळेत कशाला घालायचे, असा त्यांचा सवाल होता. हळूहळू ती उद्योगशाळा साध्या प्राथमिक शाळेसारखी होत गेली आणि १९४० मध्ये बंद पडली. तेव्हा बाई बहात्तर वर्षांच्या होत्या.

त्या आईबापांना दोष देणे सोपे आहे. पण मला त्यांच्यात माझी आईच दिसली. पुस्तक शिकलेल्याला सरकारी कचेरीत महिन्याचा पगार मिळे, टोपली विणणारीला गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागे. मग कोणते आईबाप मुलीसाठी टोपली निवडतील? गोरा साहेब काळ्या माणसाला हातचे काम शिका म्हणून सांगे, त्यात पुढे जाऊ न देण्याचा डावही असू शकतो, अशी शंका येणेही स्वाभाविक होते. अ‍ॅडलेडबाईंच्या शाळेची आणखी एक मर्यादा मान्य केली पाहिजे. शाळा शहरात होती. ज्या खेड्यातल्या बायांच्या कसबाचे मोल त्यांनी ओळखले होते, त्या बायांच्या दारापर्यंत ती पोहोचली नाही. कसब शिकविणे हे अर्धे काम आहे. त्या कसबाला भाव आणि कसबी हाताला मान मिळवून देणे हे उरलेले अर्धे, आणि ते एका शाळेच्या आवाक्यातले नसते.

मग हे कार्य फुकट गेले काय? मला तसे वाटत नाही. शिकलेली बाई आणि कमावती बाई या दोन वेगळ्या बाया नव्हेत, हे त्यांनी त्या काळात सांगितले आणि सतरा वर्षे शाळा चालवून दाखविले. १९५० मध्ये ग्लॅडिसचा मृत्यू झाला. लेकीच्या पश्चात नऊ वर्षांहून अधिक काळ जगून अ‍ॅडलेडबाईंनी १९६० च्या जानेवारीत, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, फ्रीटाउनमध्ये देह ठेवला. पुढच्या वर्षी, २७ एप्रिल १९६१ रोजी, सिएरा लिओन स्वतंत्र झाला. ज्या रंगविलेल्या कापडाची शहरातल्या सुशिक्षितांना लाज वाटत होती, ते ‘गारा’ नावाचे कापड आज त्या देशाची ओळख म्हणून मिरविले जाते.

सुटीत घरी गेले तेव्हा हे चरित्र मी आईला सांगितले. तिने सारे ऐकून घेतले आणि त्या मुलींच्या टोपल्या विकत कोण घेत होते, एवढेच विचारले. माझ्या आईने कॉलेज पाहिलेले नाही, पण या विषयातला खरा प्रश्न तिला बरोबर सापडला. आपल्यासारख्या शिकणाऱ्या मुलामुलींनी या प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे असे मला वाटते. पदवी घेऊन आईच्या मशीनकडे पाठ फिरवायची, की त्या मशीनच्या कामाला योग्य मोल मिळावे म्हणून आपले शिक्षण कामी आणायचे?

त्या सुटीत मी आईकडून काज करायला शिकले. पहिली चार उसवावी लागली.