हौलंड बेटाच्या वाटेवर

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात मिसुरी नदीच्या काठी ॲचिसन नावाचे गाव आहे. तेथे २४ जुलै १८९७ रोजी अमेलिया इअरहार्ट हिचा जन्म झाला. तिचे वडील रेल्वेच्या वकिलीची कामे करीत. परंतु पुढे ते मद्याच्या आहारी गेले, नोकरी सुटली आणि कुटुंबाला गावोगाव बिऱ्हाड हलवावे लागले. मुलींनी घरात शिवणटिपण करीत बसावे, ही त्या काळची रीत अमेलियेला कधीच मानवली नाही. लहानपणी तिने छपरापासून जमिनीपर्यंत फळ्यांची घसरगुंडी उभारली आणि लाकडी खोक्यात बसून ती त्या घसरगुंडीवरून खाली आली. खोके मोडले, ओठाला खोक पडली, झगा फाटला. पण तिच्या मुद्रेवर आनंद मावत नव्हता.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तिने कॅनडातील टोरांटो येथे जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. पुढे कॅलिफोर्नियात असताना, १९२० च्या डिसेंबरात, दहा डॉलर मोजून ती प्रथम विमानात बसली. ती फेरी अवघ्या दहा मिनिटांची होती. पण विमान चालविण्यास शिकायचे, हा तिचा निश्चय त्या दहा मिनिटांतच झाला. शिकवणीचा खर्च भागविण्यासाठी तिने टेलिफोन कंपनीत व इतरत्र मिळेल ते काम केले. नेटा स्नूक या महिला वैमानिकेने तिला प्रथम धडे दिले. लवकरच अमेलियेने पिवळ्या रंगाचे एक छोटे विमानही विकत घेतले.

१९२८ साली अटलांटिक महासागर विमानातून ओलांडणारी पहिली स्त्री म्हणून तिचे नाव जगभर झाले. मात्र त्या वेळी विमान दोघा पुरुषांनी चालविले होते आणि आपण केवळ सामानासारखे वाहून नेले गेलो, ही खंत तिच्या मनातून जाईना. ती तिने २० मे १९३२ रोजी दूर केली. त्या सायंकाळी न्यूफाउंडलंडमधून ती एकटीच निघाली. वाटेत उंची दाखविणारे यंत्र बंद पडले, पंखांवर बर्फ साचले, इंजिनाच्या धुराड्याला पडलेल्या भेगेतून ज्वाळा दिसू लागल्या. सुमारे पंधरा तासांनी ती उत्तर आयर्लंडमधील एका कुरणात उतरली. अटलांटिकवरून एकटीने उड्डाण करणारी ती पहिली स्त्री होय. १९३५ च्या जानेवारीत तिने हवाई बेटांपासून कॅलिफोर्नियापर्यंतचा सागरही एकटीने पार केला.

आता विषुववृत्ताच्या जवळून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, असे तिने ठरविले. पर्ड्यू विद्यापीठाच्या साहाय्याने तिला इलेक्ट्रा हे दोन इंजिनांचे विमान मिळाले. मार्च १९३७ मध्ये हवाई बेटांवर उड्डाणाच्या वेळीच या विमानाला अपघात झाला आणि ते दुरुस्तीसाठी परत न्यावे लागले. या मोडतोडीहूनही मोठी हानी वेगळीच होती. बिनतारी यंत्रात निष्णात असलेला हॅरी मॅनिंग हा सहकारी मोहिमेतून बाहेर पडला. उरला फ्रेड नूनन. ग्रहताऱ्यांवरून मार्ग काढण्यात तो वाकबगार होता. परंतु तारायंत्राची कट्ट-कडकट्ट भाषा त्यालाही आणि अमेलियेलाही जेमतेमच येत होती. त्यातच मायामी येथे विमानामागे सोडायची लांब तार काढून ठेवण्यात आली. जहाजे नेहमी ज्या लहरींवर बोलतात, त्यांवर संदेश पाठविण्यास ती तार उपयोगी पडली असती.

१ जून १९३७ रोजी दोघांनी मायामी सोडली. दक्षिण अमेरिका व आफ्रिका ओलांडून १५ जूनला ती कराचीस उतरली. तेथे अमेलिया उंटावर बसली, हे तिच्या प्रवासातील थोड्या निवांत क्षणांपैकी एक. १७ जूनला ती कलकत्त्यास डमडम विमानतळावर आली. मोसमी पावसाने धावपट्टी चिखलमय झाली होती. दुसऱ्या दिवशी इंधनाने जड झालेले विमान कसेबसे जमीन सोडून झाडांच्या शेंड्यांवरून निसटले. ब्रह्मदेश, सिंगापूर, जावा, ऑस्ट्रेलिया असे टप्पे घेत २९ जूनला ती न्यू गिनीतील लाए येथे पोहोचली. सुमारे २२,००० मैल मागे पडले होते आणि ७,००० मैल उरले होते.

पुढचा मुक्काम हौलंड बेट. प्रशांत महासागरातील हे बेट जेमतेम अडीच किलोमीटर लांब, एक किलोमीटरही रुंद नाही आणि समुद्रापासून काही मीटरच उंच. लाएपासून ते ४,००० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. एवढ्या अंतरावरून नेमके तेथे पोहोचावे म्हणून अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे इटास्का हे जहाज बेटापाशी उभे होते. संदेश ज्या दिशेने येतो ती दिशा शोधण्यासाठी विमानावर वेटोळ्याच्या आकाराचा एक आकाशक असे. तो फिरवीत गेल्यास एका स्थितीत आवाज अगदी क्षीण होतो. त्यावरून जहाज कोठे आहे हे कळते. सारी भिस्त या युक्तीवर होती.

२ जुलैला सकाळी दहाच्या सुमारास इलेक्ट्राने लाए सोडले. रात्रभर उड्डाण करून तिने तारीखरेषा ओलांडली आणि हौलंडवर पुन्हा २ जुलैचीच सकाळ उजाडली. जहाजावर तिचा आवाज ऐकू येत होता, प्रत्येक वेळी अधिक स्पष्ट. पण जहाजाचा आवाज तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता. सुमारे १९ तासांच्या प्रवासानंतर तिने कळविले, की आपण बेटाजवळच असायला हवे, परंतु ते दिसत नाही आणि इंधन संपत आले आहे. मग तिच्या विनंतीवरून जहाजाने ७५०० किलोसायकलवर खुणेचे संदेश पाठविले. ते तिला ऐकू आले. जहाजाकडून तिला काही पोहोचल्याचे तिने सांगितले, ते एवढेच. दिशा मात्र सापडली नाही, कारण इतक्या उच्च लहरींवर तिचा आकाशक दिशा दाखवू शकत नव्हता. बेटावरही एक दिशाशोधक यंत्र ठेवले होते. त्याच्या बॅटऱ्या ऐन वेळी मंदावल्या. शिवाय जहाजाचे घड्याळ आणि तिचे ग्रिनिच वेळेचे घड्याळ यांत अर्ध्या तासाचे वेडेवाकडे अंतर असल्याने कोणी केव्हा बोलावे व केव्हा ऐकावे, याचाही मेळ बसेना. एकेक अडचण क्षुल्लक होती. त्या सकाळी त्या सर्व एकत्र आल्या.

जहाजाने काळ्या धुराचे लोट सोडले; ते तिने पाहिले असावेत असे दिसत नाही. एकदा तर तिचा आवाज इतका जवळून आला, की बिनतारी खोलीतील एक जण विमान दिसते का हे पाहण्यासाठी डेकवर धावला. आकाश रिकामेच होते. पावणेनऊच्या सुमारास, आपण एका ठराविक रेषेवर उत्तर-दक्षिण फिरत आहोत, असा निरोप आला. आपण आता दुसऱ्या लहरींवर बोलू, असेही तिने सांगितले. त्या लहरींवर जहाजाला काहीच ऐकू आले नाही.

अमेरिकेच्या नौदलाने लेक्सिंग्टन ही विमानवाहू नौका आणि अनेक जहाजे धाडून सुमारे अडीच लाख चौरस मैल सागर धुंडाळला. १९ जुलैला शोध थांबला. ५ जानेवारी १९३९ रोजी न्यायालयाने तिला मृत घोषित केले. विमानाचा निर्विवाद म्हणता येईल असा अवशेष सापडलेला नाही. तिच्यासाठी हौलंडवर आखलेल्या धावपट्ट्यांवर ती कधी उतरली नाही. त्याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर खलाशांना दिवसा खूण पटावी म्हणून पुढे एक स्तंभ उभारला गेला आणि त्याला तिचे नाव देण्यात आले.