डॉ. लूसी विल्स : मातांच्या रक्तक्षयावर उपाय शोधणाऱ्या संशोधक

गर्भवती महिलांना सरकारी आरोग्य केंद्रातून मिळणारी लोह व फॉलिक ॲसिडची लाल गोळी देशभर परिचित आहे. या गोळीतील फॉलिक ॲसिडच्या शोधाची सुरुवात मात्र मुंबईतील गरीब गर्भवती स्त्रियांच्या आजारपणातून झाली, हे फारसे ज्ञात नाही. त्या शोधाचा पाया घालणाऱ्या ब्रिटिश डॉक्टर म्हणजे लूसी विल्स.

लूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तेथे त्यांनी काही काळ स्वयंसेवी परिचारिका म्हणून काम केले आणि मायदेशी परतल्यावर लंडनच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मात्र रुग्ण तपासण्यापेक्षा संशोधन व अध्यापन यांकडे त्यांचा ओढा होता. त्यामुळे त्या रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या.

त्या काळी भारतात बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी होती. या मृत्यूंच्या कारणांची चौकशी डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या हाफकिन संस्थेत सुरू होती. या कामासाठी १९२८ मध्ये विल्स मुंबईत आल्या. गरोदरपणात होणारा एक गंभीर प्रकारचा रक्तक्षय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. या विकारात रक्तातील तांबड्या पेशींची संख्या घटते, परंतु उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आकाराच्या व अपरिपक्व असतात. केवळ लोहाच्या अभावामुळे होणाऱ्या रक्तक्षयात पेशी लहान होतात. त्यामुळे या विकाराचे कारण वेगळे असावे, हे उघड होते.

कापड गिरण्यांतील कामगार स्त्रियांसह गरीब वस्तीतील महिलांच्या आहाराची विल्स यांनी पाहणी केली. ज्यांच्या जेवणात भाज्या, फळे व प्रथिने यांचे प्रमाण अत्यल्प होते, अशा स्त्रियांमध्ये हा विकार अधिक आढळला. जंतुसंसर्गाऐवजी आहारातील उणीव हे त्याचे कारण असावे, या निष्कर्षाकडे त्यांचे संशोधन वळले. कुन्नूर येथील पाश्चर संस्थेत आणि मद्रास येथेही त्यांनी हे काम पुढे नेले.

प्रयोगशाळेतील वाटचाल सोपी नव्हती. गरीब स्त्रियांसारखाच आहार देऊन उंदरांमध्ये रक्तक्षय निर्माण करण्यात आला. परंतु त्यांच्या अंगावरील उवांमुळे पसरणारा संसर्गही रक्तक्षयाला कारणीभूत असल्याचे निष्पन्न झाले आणि निष्कर्षांत गुंतागुंत निर्माण झाली. त्यानंतर माकडांवरील प्रयोगांत मात्र यीस्टच्या अर्काचा गुण स्पष्ट दिसला. यकृताचा अर्क रक्तक्षयावर उपयुक्त ठरतो, हे १९२६ पासून ठाऊक होते. पण तो महाग होता. यीस्टपासून बनवलेला, ब्रिटनमध्ये पावाला लावून खाल्ला जाणारा मार्माईट हा पदार्थ स्वस्त होता. तो दिल्यावर मुंबईतील रुग्ण स्त्रियांची प्रकृती झपाट्याने सुधारली. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

शुद्ध केलेला यकृतअर्क या स्त्रियांवर निरुपयोगी ठरतो, तर कच्चा अर्क गुणकारी ठरतो, हेही विल्स यांनी पुढे दाखवून दिले. याचा अर्थ यीस्टमध्ये व कच्च्या यकृतात एक नवाच पोषक घटक होता. तो काही काळ विल्स घटक या नावाने ओळखला गेला. १९४१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी पालकाच्या पानांपासून फॉलिक ॲसिड वेगळे केले आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याचे नामकरण झाले. १९४५ मध्ये ते कृत्रिमरीत्या तयार झाल्याचे जाहीर करणाऱ्या अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेच्या संशोधनाची धुरा मूळ आंध्रचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विल्स ब्रिटनमध्ये कार्यरत होत्या. १९४७ मध्ये निवृत्त झाल्यावरही जमैका, फिजी आदी ठिकाणी त्यांनी पोषण व रक्तक्षयाचा अभ्यास सुरू ठेवला. लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेविका म्हणूनही त्यांनी काम केले. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या संशोधनाचे आणखी एक फलित त्यांच्या पश्चात समोर आले. गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास बाळाच्या मेंदूतील व मज्जारज्जूतील अनेक जन्मजात दोष टळतात, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने सिद्ध केले. भारतात १९७० पासून गर्भवतींना लोह व फॉलिक ॲसिड देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवण्यात आला. २०१३ पासून किशोरवयीन मुलामुलींसाठीही दर आठवड्याला एक गोळी देण्याचा कार्यक्रम सुरू झाला.

तरीही प्रश्न सुटलेला नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली आणि ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त होत्या. आजची किशोरी ही उद्याची माता आहे. तिचा रक्तक्षय वेळीच दूर झाला नाही, तर तो तिच्यासोबत बाळंतपणापर्यंत पोहोचतो. गोळी उपलब्ध आहे. ती नियमित घेतली जाणे आणि त्याबरोबर ताटात पालेभाज्या, डाळी व फळे असणे तितकेच आवश्यक आहे. आजाराचे मूळ ताटातही शोधावे लागते, हे लूसी विल्स यांनी मुंबईतील गरीब स्त्रियांच्या अभ्यासातून दाखवून दिले होते.