फ्रान्सिस पर्किन्स : बेरोजगारांना हक्काचा आधार देणाऱ्या मंत्री



घरातल्या कमावत्या माणसाची नोकरी गेली की लोक लगेच म्हणतात, त्याच्यातच काहीतरी कमी असेल. अमेरिकेतही हाच समज होता. त्याविरुद्ध कायदा उभा करणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स यांची आज ओळख करून घेऊ.

त्यांचा जन्म १० एप्रिल १८८० रोजी बोस्टन येथे झाला. कॉलेजात त्या पदार्थविज्ञान शिकल्या. काही काळ शिक्षिका होत्या. शिकागोच्या गरीब वस्तीत त्यांनी काम केलं. १९१० मध्ये कोलंबिया विद्यापीठातून त्या एम.ए. झाल्या. तीनच वर्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच विद्यापीठात शिकायला गेले.

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. बाहेर पडायच्या एका दाराला कुलूप होतं. १४६ कामगार मेले, त्यात बहुतेक तरुण मुली. पर्किन्स यांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि पुढचं आयुष्य कामगारांसाठी वेचलं. पती मानसिक आजाराने त्रस्त असल्यामुळे घरखर्चाचा भारही त्यांच्यावरच होता.

१९२९ नंतर महामंदी आली. १९३३ मध्ये अमेरिकेत साधारण चारातला एक कामगार बेकार होता. एवढे सगळे लोक आळशी कसे असतील? त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना कामगारमंत्रीपद देऊ केलं. आधी त्यांनी आपल्या कामांची यादी पुढे ठेवली. त्यात बेरोजगारी विमाही होता. रूझवेल्ट तयार झाले, मगच त्यांनी पद घेतलं. त्या अमेरिकेच्या पहिल्या महिला कॅबिनेट मंत्री.

१४ ऑगस्ट १९३५ रोजी सामाजिक सुरक्षा कायदा झाला. मालकांकडून कर घ्यायचा, निधी साठवायचा आणि नोकरी गेलेल्या कामगाराला ठरावीक आठवडे त्यातून पैसे द्यायचे, अशी ही सोय. म्हणजे भीक नाही, हक्क!

पण शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका या कायद्यातून सुटल्या. दुसरी अडचण मुदतीची. मंदी लांबली की आठवडे संपतात, काम मात्र मिळत नाही. म्हणून १९५८ मध्ये तात्पुरती मुदतवाढ आली. पर्किन्स १४ मे १९६५ रोजी गेल्या. त्यानंतर १९७० मध्ये कायमची तरतूद झाली. बेकारी वाढलेल्या राज्यात नेहमीच्या, बहुधा २६ आठवड्यांनंतर आणखी १३ आठवड्यांपर्यंत मदत मिळू लागली.

वर्गात एक प्रश्न जरूर विचारा : आठवडे संपले आणि गावातला कारखाना अजून बंदच आहे, तर त्या घराने काय करायचं? आपली रोजगार हमी योजना काम देते, तिकडे काम नसताना ठरावीक आठवडे पैसे देतात. मुलांना दोन्हींची तुलना करू द्या. वडिलांचं काम सुटलेलं एखादं मूल आपल्याही वर्गात बसलेलं असतं. यात आपल्या बाबांची चूक नाही, एवढं त्याला या पाठातून कळलं तरी पुष्कळ झालं.