जॉर्ज फेरिस : आकाशपाळणा उभा करणारा अभियंता



गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की मुलांचं पहिलं लक्ष जातं ते आकाशपाळण्याकडे. पूर्वी हाताने फिरवायचे लाकडी पाळणे असायचे. आता इंजिनावर चालणारे, दिव्यांनी झगमगणारे मोठे पाळणे येतात. पाळण्यातून उतरलेलं मूल हमखास दोन प्रश्न विचारतं. एवढा मोठा पाळणा पडत कसा नाही? आणि तो पहिल्यांदा केला कोणी? आज आपण या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाहू. ते पाहता पाहता पहिल्याचंही उत्तर मिळेल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. फिरता पाळणा ही कल्पना फार जुनी आहे. १७ व्या शतकात तुर्कस्तानात गेलेल्या युरोपीय प्रवाशांनी असे लाकडी पाळणे पाहिल्याचं लिहून ठेवलंय. पण पोलादाचा, हजारो माणसांना एकाच वेळी उंच नेणारा पहिला महाकाय पाळणा उभा केला तो जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस या अमेरिकन अभियंत्याने. म्हणूनच इंग्रजीत आकाशपाळण्याला आजही फेरिस व्हील म्हणतात.

बालपण आणि शिक्षण

फेरिसचा जन्म १४ फेब्रुवारी १८५९ रोजी इलिनॉय राज्यातल्या गेल्सबर्ग गावी झाला. तो लहान असतानाच कुटुंब पश्चिमेकडे नेवाडा राज्यात राहायला गेलं. तिथे कार्सन नदीवरचं पाणचक्कीचं मोठं चाक तो तासन्‌तास बघत बसायचा, अशी आख्यायिका आहे. मुलांना सांगताना ती आख्यायिका म्हणूनच सांगावी.

पुढे १८८१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय इथल्या रेन्सेलर संस्थेतून तो स्थापत्य अभियंता झाला. रेल्वे आणि पूल या कामांत त्याने अनुभव घेतला. मग पिट्सबर्गला स्वतःची कंपनी काढली. या कंपनीचं काम काय, तर पुलांसाठी आणि रेल्वेसाठी लागणारं लोखंड-पोलाद तपासून द्यायचं. कुठला तुकडा किती भार सोसेल, कुठला मोडेल, हे पाहणं हाच त्याचा रोजचा धंदा. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट याच सवयीवर उभी आहे.

शिकागोचं आव्हान

१८८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आयफेल टॉवर उभा राहिला आणि जगभर त्याचं नाव झालं. कोलंबस अमेरिकेत पोहोचल्याला ४०० वर्षं झाली म्हणून १८९३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरणार होतं. आयफेल टॉवरच्या तोडीचं काहीतरी करून दाखवा, असं आव्हान प्रदर्शनाचे बांधकामप्रमुख डॅनियल बर्नहॅम यांनी अमेरिकेतल्या अभियंत्यांना दिलं. बहुतेकांनी आणखी उंच मनोरे सुचवले. फेरिसने चाक सुचवलं.

इथे आपल्या मुलांना एक फरक सांगावा लागेल. गुंजवण्याच्या मुलाला उंचावरून खाली बघणं नवीन नाही. चोरदरवाजाच्या वाटेने राजगडावर गेलं, पद्मावती माचीवर उभं राहिलं की सगळा मुलूख दिसतो. शिकागो मात्र सपाट प्रदेशात, तळ्याकाठी वसलेलं शहर. तिथल्या हजारो माणसांनी आपलंच गाव वरून कधी पाहिलं नव्हतं. फेरिसचं चाक त्यांना थोड्या वेळासाठी का होईना, डोंगरावर नेणार होतं.

आयोजकांना मात्र धास्ती वाटली. एवढी बारीक रचना वाऱ्यात टिकणार नाही, असं त्यांचं मत पडलं. फेरिसने पदरचे पैसे घालून आराखडे आणि सुरक्षेचा अभ्यास करून घेतला, गुंतवणूकदार मिळवले. अखेर डिसेंबर १८९२ मध्ये परवानगी मिळाली. प्रदर्शन १ मे रोजी उघडणार होतं. हातात पाच महिनेही नव्हते.

चाक उभं राहिलं

ऐन हिवाळ्यात पाया खणायला घेतला. वरची जमीन बर्फाने गोठलेली आणि खाली भुसभुशीत, पाण्याने भरलेली वाळू. वाफ सोडून जमीन मऊ करावी लागली. चाकाचा आस ४५ फूट लांब आणि ३३ इंच जाड होता. एकट्या आसाचं वजन ८९,३२० पौंड, म्हणजे सुमारे ४० टन! तो १४० फूट उंचीच्या दोन मनोऱ्यांवर चढवला.

आता मुलांचा पहिला प्रश्न. सायकलचं चाक बघा. तारा किती बारीक असतात, तरी त्या आपलं वजन पेलतात, कारण त्या ताणलेल्या असतात. फेरिसच्या चाकातही पोलादी सळ्या अशाच ताणून बसवल्या होत्या. लांबून चाक नाजूक दिसायचं, पण प्रत्येक सळीवर किती ताण येणार याचं गणित आधीच झालेलं होतं.

प्रदर्शन उघडलं तेव्हा चाक अपुरंच होतं. जूनमध्ये डबे बसवून पहिली चाचणी झाली, तेव्हा फेरिसची पत्नी मार्गारेट त्यात बसली होती. २१ जून १८९३ रोजी चाक लोकांसाठी खुलं झालं. उंची २६४ फूट, व्यास २५० फूट. एकूण ३६ डबे आणि एका डब्यात ६० माणसं. वाफेच्या इंजिनावर ते फिरायचं. दोन फेऱ्यांना २० मिनिटं लागायची आणि तिकीट होतं ५० सेंट, म्हणजे प्रदर्शनाच्या प्रवेशाइतकंच. ऑक्टोबरअखेर प्रदर्शन संपलं तोवर १४ लाखांहून जास्त लोक त्यात बसून गेले. त्याच सप्टेंबरात शिकागोला सर्वधर्मपरिषद भरली होती. स्वामी विवेकानंद तिथे बोलले, तेव्हा हे चाक त्याच शहरात फिरत होतं.

नंतरची तीन वर्षं

मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी सहसा इथे थांबतात. फेरिसचं आयुष्य इथे थांबलं नाही. उत्पन्नाच्या वाटणीवरून प्रदर्शनाच्या कंपनीशी वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. चाक शहरात दुसऱ्या जागी हलवलं, तिथे पुरेसे लोक आले नाहीत. कर्ज वाढलं. १८९६ मध्ये मार्गारेटही त्याला सोडून गेली. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला पिट्सबर्गच्या रुग्णालयात विषमज्वराने त्याचा मृत्यू झाला. वय अवघं ३७.

चाक मात्र १९०४ मध्ये सेंट लुईसच्या प्रदर्शनात पुन्हा फिरलं. ११ मे १९०६ रोजी सुरुंग लावून ते पाडलं आणि भंगारात काढलं. व्हिएन्नात १८९७ मध्ये उभारलेला मोठा पाळणा मात्र आजही चालू आहे. पुढे २००० मध्ये लंडनला १३५ मीटरचा, २००८ मध्ये सिंगापूरला १६५ मीटरचा आणि २०२१ मध्ये दुबईला २५० मीटरचा पाळणा सुरू झाला.

मुलांना शेवट सांगावा का?

माझं मत, सांगावा. चरित्र शिकवताना आपण नकळत एक सूत्र पक्कं करतो: कष्ट करा, हुशारी दाखवा, म्हणजे पैसा आणि मान मिळणारच. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी कष्ट भरपूर आहेत, पैसा नाही. हे सूत्र ऐकून त्या मुलाने आपल्या आईबापाबद्दल काय समजायचं? ते कमी पडले असं? फेरिसचा हिशोब तोट्यात गेला, पण त्याचं गणित चुकलं नव्हतं. लाखो माणसं वर जाऊन सुखरूप खाली आली. काम चांगलं होणं आणि त्याचा मोबदला मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौथी-पाचवीच्या मुलांना हे कळतं. ती घरी रोज तेच पाहत असतात.

वर्गात काय घेता येईल?

१. ३६ × ६० करून एकावेळी किती माणसं बसत ते काढायला सांगा. उत्तर २१६०. मग आपल्या शाळेचा पट किती डब्यांत मावेल ते मुलं स्वतःच मोजतील.

२. एकावेळी ६ डबे भरत. मग सगळे ३६ डबे भरायला चाक किती वेळा थांबवावं लागेल?

३. डब्याचं झाकण, ताट, सायकलचं चाक यांचा व्यास आणि परीघ दोरीने मोजा. परीघ प्रत्येक वेळी व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त येतो. मग २५० फूट व्यासाचा परीघ साधारण किती? (सुमारे ७८५ फूट.)

४. मोठ्या वर्गासाठी: ३६ डबे सारख्या अंतरावर असतील तर दोन डब्यांमधला कोन किती? (१० अंश.)

पालकांना एक विनंती. यात्रेत मुलाला पाळण्यात बसवण्याआधी दोन मिनिटं थांबा. दांडी किंवा साखळी नीट लागते का, पाळणा जमिनीवर पक्का बसवलाय का, हे मुलाला सोबत घेऊन बघा आणि शंका वाटली तर चालकाला विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फेरिसने आयुष्यभर हेच काम केलं.