सी. के. आज खेळले असते तर...

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना जामठ्याचे स्टेडियम लागते. ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात जन्मलेले कर्नल सी. के. नायडू आज तेथे फलंदाजीस उतरले असते तर? १९२६ मध्ये मुंबईत एमसीसीविरुद्ध त्यांनी १५३ धावांच्या खेळीत ११ षटकार ठोकले, तेही हेल्मेट आणि आजच्या जाड बॅटविना. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार ठरले. वाट्याला मात्र सातच कसोटी आल्या. साठी ओलांडल्यावरही ते रणजी सामने खेळले. आजच्या गोलंदाजांनी चित्रफिती पाहून त्यांचे कच्चे दुवे हेरले असते. पण ट्वेंटी-२० साठी लागणारी हिंमत आणि तंदुरुस्ती त्यांच्यापाशी होतीच. १९६७ मध्ये इंदूरला त्यांचे निधन झाले. त्यांना कमी पडली ती संधी, गुणवत्ता नव्हे.