पुस्तकाआधी गाव दाखवणाऱ्या डॉ. सुशीला नायर

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाल्याचा आनंद फार दिवस टिकत नाही. शाळेत कायम पहिला येणारा मुलगा इथे शरीररचनाशास्त्राच्या जाडजूड पुस्तकापुढे गांगरतो. गाव परके, खोलीतला सोबती अनोळखी, शेजारी बसलेले सगळेच हुशार. वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर सेवाग्रामला १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापक डॉ. सुशीला नायर यांनी या गांगरलेल्या मुलांसाठी वेगळीच वाट धरली. नव्या तुकडीचे पहिले पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात जात. पहाटे उठायचे, प्रार्थना, सफाई, सूतकताई आणि सगळ्यांनी एका पंगतीला जेवायचे.

हा आश्रम त्यांना आतून ठाऊक होता. २६ डिसेंबर १९१४ रोजी पंजाबातल्या, आता पाकिस्तानात असलेल्या कुंजाह गावी त्यांचा जन्म झाला. थोरले बंधू प्यारेलाल गांधीजींचे सचिव. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयातून डॉक्टर होऊन त्या सेवाग्रामला आल्या आणि थोड्याच दिवसांत परिसरात पटकीची साथ आली. हाताशी साधने तुटपुंजी, मदतनीस त्याहून कमी. १९४२ मध्ये अटक होऊन त्या पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गेल्या. गांधीजींचा २१ दिवसांचा उपवास त्यांनी तिथे डॉक्टर म्हणून सांभाळला, कस्तुरबांचे अखेरचे आजारपणही पाहिले. सेवाग्रामच्या छोट्या दवाखान्याचे पुढे रुग्णालय झाले. त्याला कस्तुरबांचेच नाव दिले गेले.

मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण, दिल्लीतले राजकारण आणि १९६२ ते १९६७ केंद्रीय आरोग्यमंत्रिपद. मंत्री असताना एक गोष्ट रोजच समोर येत असे: देशात डॉक्टर वाढत होते, पण खेड्याकडे फिरकत नव्हते. मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात शिकलेल्या मुलाला खेडे आपले वाटणार तरी कसे? म्हणून महाविद्यालयच खेड्यात हवे, असे त्यांनी धरले. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, पाव राज्याचा, उरलेला पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीचा. पहिली तुकडी ६० जणांची होती.

परीक्षा मात्र नागपूर विद्यापीठाची, म्हणजे इतरांइतकीच कठीण. तिथे सवलत नव्हती. म्हणून खेड्यातला वेळ अभ्यासातून चोरलेला वाटू नये, तो अभ्यासच व्हावा, अशी रचना झाली. आश्रमानंतर प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेई, तिथे मुक्कामाचे शिबिर होई आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला काही कुटुंबे येत. मुलांची वजने घ्यायची, विहीर कुठे आणि शौचालय कुठे ते पाहायचे, घरातल्या बायकांचे रक्त तपासायचे. शिबिर संपले तरी त्याच घरांत पुढची वर्षे जात राहायचे. पुस्तकातला रक्तक्षय म्हणजे हिमोग्लोबिनचा एक आकडा. गावात तोच रक्तक्षय म्हणजे कापूस वेचून आल्यावर दम लागणारी ओळखीची काकू. तो आकडा मग पाठ करावा लागत नाही. निम्मी मुले महाराष्ट्राबाहेरची असत. त्यांना या घरांनी मराठीही शिकवले. दुखणे पोटात आहे की छातीत, एवढे विचारण्यापुरते तरी.

विद्यार्थी त्यांना ‘बडी बहनजी’ म्हणत आणि वचकूनही असत. खादी सक्तीची, जेवण शाकाहारी, दारूला थारा नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना हे जाचक वाटले तर नवल नाही, आणि सगळ्यांनी ते मनापासून पाळले असेही मानायचे कारण नाही. पण त्या खादीचा एक फायदा सहसा बोलला जात नाही. सर्जनचा मुलगा आणि कारकुनाची मुलगी पहिल्या दिवसापासून सारख्याच कपड्यांत दिसत. नव्या जागी बुजणाऱ्या मुलांना तेवढ्यानेही धीर येतो.

तरीही पदवी घेतलेले अनेक जण शहरांकडे गेलेच. आश्रमातले पंधरा दिवस पुरत नाहीत, हे त्यातून उघड झाले. पुढे १९९०च्या दशकात इथे नियम आला: पदव्युत्तर जागा हवी असेल, तर आधी दोन वर्षे ग्रामीण सेवा करायची. डॉ. नायर ३ जानेवारी २००१ रोजी गेल्या, तेव्हा या नियमानुसार तरुण डॉक्टर दूरदूरच्या खेड्यांतल्या स्वयंसेवी संस्थांच्या दवाखान्यांत काम करत होते. आणि सेवाग्रामभोवतीच्या गावांत सुगीनंतर घराघरातून ज्वारी गोळा होत होती, कस्तुरबा रुग्णालयाच्या आरोग्य विम्याचा हप्ता म्हणून.